उपग्रह सांगलीवर थांबत का नाही? खालची कक्षा, रिमोट सेन्सिंग आणि आपलं शिवार

वारणाकाठ (धागाकर्ता), मिरज

ऑक्टोबर छाटणी उरकली की द्राक्षपट्ट्यात ॲपवाल्यांच्या फेऱ्या सुरू होतात. ‘उपग्रह चोवीस तास तुमच्या बागेवर नजर ठेवून असतो’ असं सांगून वर्गणी घेतली जाते. मग आठ-आठ दिवस नवा फोटो आला नाही की बागायतदाराला वाटतं, आपल्याला फसवलं. मी नकाशांच्या कामात आहे, घर उपग्रहाच्या चित्रांवरच चालतं. असं लांबून बघून माहिती काढण्यालाच रिमोट सेन्सिंग म्हणतात. त्यामुळे हे एकदा नीट लिहून काढावं असं फार दिवस मनात होतं.

शेत ओळखू येईल इतकं बारीक बघणारा आणि तरीही सांगलीवर कायम थांबलेला असा एकही उपग्रह आज आकाशात नाही. बारीक बघायचं तर खाली यावं लागतं, आणि खाली आलं की थांबता येत नाही.

जमिनीपासून साधारण १६० ते २,००० किलोमीटरपर्यंतच्या कक्षांना खालची कक्षा म्हणतात. शेती, जंगल, पूर बघणारे बहुतेक उपग्रह ५०० ते ९०० किलोमीटरच्या पट्ट्यात असतात. तिथे टिकून राहायचं तर सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळत राहावं लागतं, नाहीतर उपग्रह खाली येईल. साताऱ्याच्या अक्षांशावरून सांगलीच्या अक्षांशावर यायला त्याला पंधरा सेकंदही पुरतात. पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे १०० मिनिटांत होते, दिवसाला चौदा फेऱ्या. पण तेवढ्या वेळात पृथ्वी स्वतःभोवती २५ अंश फिरलेली असते. म्हणून आता आपल्यावरून गेलेला उपग्रह पुढच्या फेरीला अरबस्तानावरून जातो.

युरोपचा सेंटिनेल-२ जाता जाता २९० किलोमीटर रुंदीची पट्टी टिपतो. अशा पट्ट्या जोडत सगळी जमीन पुरी करायला एका उपग्रहाला १० दिवस लागतात. जोडीने दोन ठेवले म्हणून आपल्याला दर ५ दिवसांनी चित्र मिळतं. अमेरिकेच्या लँडसॅटची पट्टी १८५ किलोमीटरची, तो १६ दिवसांनी येतो. आपल्या इस्रोच्या रिसोर्ससॅटवरचा लिस-३ कॅमेरा २४ दिवसांनी. तुमच्या ॲपमधला हिरवा-पिवळा नकाशा बहुतेक वेळा यातल्याच एखाद्या फुकट मिळणाऱ्या चित्रावरून तयार झालेला असतो.

आता थांबलेला उपग्रह बघू. हवामानाचा इन्सॅट-३डीआर ७४ अंश पूर्व रेखांशावर ठेवला आहे, म्हणजे रेखांश जवळजवळ आपलाच. पण तो आहे विषुववृत्तावर, मालदीवच्या डोक्यावर, ३५,७८६ किलोमीटर उंचीवर. तो अर्ध्या तासाला चित्र देतो आणि ढग कुठून कुठे चाललेत हे त्याच्याइतकं चांगलं कोणी दाखवत नाही. मात्र त्याच्या दृश्य प्रकाशातल्या चित्राचा एक ठिपका एक किलोमीटरचा असतो. एका ठिपक्यात अडीचशे एकर! अख्खी वाडी त्यात जाते.

हा फरक अंतराचा आहे. भिंगाची किंवा आरशाची ताकद कितीही वाढवली तरी प्रकाशाच्या लहरीमुळे एक मर्यादा येतेच. एक मीटर व्यासाचा आरसा ५०० किलोमीटरवरून साधारण ३० सेंटिमीटरपर्यंतचं बारीक बघू शकतो. तोच आरसा ३६,००० किलोमीटरवर नेला तर २२ मीटरच्या खालचं काही वेगळं दिसणार नाही. आपला कार्टोसॅट-३ मोटारी मोजता येतील इतकं स्पष्ट बघतो, कारण तो ५०९ किलोमीटरवर आहे.

ॲप वापरणाऱ्यांनी एक हिशोब मात्र लक्षात ठेवावा. सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आणि आपला गुंठा १०१ चौरस मीटरचा. एक ठिपका, एक गुंठा. एकरात चाळीस ठिपके. लँडसॅटचा ठिपका नऊ गुंठ्यांचा, लिस-३ चा साडेपाच गुंठ्यांचा. दहा गुंठ्यांच्या लांबट पट्टीत बांधावरचे ठिपके शेजारच्या रानात मिसळतात आणि तुमच्या एकट्याचे असे दोन-चारच उरतात. ॲपने त्यावरून ‘वायव्य कोपऱ्यात नत्र कमी’ सांगितलं तर आधी जाऊन बघा, मग युरिया टाका.

ज्यांनी अशी चित्रं वापरली आहेत त्यांनी अनुभव लिहा. शंका असतील त्याही विचारा.

येरळामाई, तासगाव तालुका

लई चांगलं लिवलंय. माझ्याकडं हाय असलं ॲप, आन् तुम्ही म्हणताय तसंच हाय, पाच दिवसानं फोटो बदलतोय. मधी ढग आलं तर धा दिवसानं. एक इचारतो. विषुववृत्तावर जर थांबवता येतोय तर तासगावच्या बरुबर डोक्यावर का थांबवत न्हाईत? तेवढी उंची तरी घ्या म्हणावं, पर डोक्यावर ठेवा.

वारणाकाठ

दादा, प्रश्न अगदी नेमका आहे. उपग्रहाला ओढणारं बळ पृथ्वीच्या केंद्राकडे असतं, त्यामुळे त्याच्या फेरीचं वर्तुळ पृथ्वीच्या केंद्राभोवतीच पडतं. तासगाव १७ अंश उत्तरेला. १७ अंशाच्या रेषेवरून गोल फिरायचं तर ते वर्तुळ केंद्राच्या वरच्या बाजूला येतं, आणि तशी कक्षा असूच शकत नाही. तासगाववरून जाणारा उपग्रह अर्धी फेरी उत्तर गोलार्धात आणि अर्धी दक्षिण गोलार्धात काढणारच. फक्त विषुववृत्तावरचं वर्तुळ केंद्राभोवती पडतं आणि पृथ्वीच्या फिरण्याशी जुळतंही. २४ तासांची फेरी बसते ती बरोबर त्या ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच, म्हणून तिथे गर्दी आहे.

अजिंक्यतारा_पायथा, सातारा

मी भूगोल शिकवत असे, आता निवृत्त आहे. वारणाकाठ यांनी एक सुंदर गोष्ट सोडली, ती जोडतो.

हे उपग्रह नुसते उत्तर-दक्षिण फिरत नाहीत. त्यांची कक्षा विषुववृत्ताशी सुमारे ९८ अंशांनी कललेली असते, आणि हा आकडा मुद्दाम निवडलेला असतो. पृथ्वी चेंडूसारखी पक्की गोल नाही. विषुववृत्तापाशी तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवापाशी ६,३५७. मधल्या या २१ किलोमीटरच्या फुगवट्याची ओढ उपग्रहाच्या कक्षेचं प्रतल हळूहळू वळवत राहते. सात-आठशे किलोमीटर उंची आणि ९८ अंशांचा कल धरला की हे वळणं दिवसाला जवळजवळ एक अंश येतं. पृथ्वीही सूर्याभोवती दिवसाला तेवढीच पुढे सरकते. दोन्ही जुळलं की उपग्रह कोणत्याही गावावरून दर वेळी त्याच स्थानिक वेळेला जातो. इंधन न जाळता! याला सूर्यसमकालिक कक्षा म्हणतात. फार उंचावर ही सोय मिळत नाही, खालच्या कक्षेतच ती जमते.

वेळ सारखी असण्याचं महत्त्व वर्गात सांगताना मी सज्जनगडाच्या सावलीचं उदाहरण देत असे. सकाळी दहाला सावली एका बाजूला, दुपारी चारला दुसऱ्या बाजूला. वेगवेगळ्या वेळी काढलेली दोन चित्रं शेजारी ठेवली तर बदललं काय, रान की ऊन, हे कळणार नाही. सेंटिनेल-२ विषुववृत्त ओलांडतो तेव्हा तिथे सकाळचे साडेदहा वाजलेले असतात. आपलं घड्याळ ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतं आणि आपण पश्चिमेला आहोत, त्यामुळे साताऱ्या-सांगलीवर तो येतो तेव्हा आपल्या मनगटावर अकराचा सुमार असतो. ऊन पुरेसं असतं आणि दुपारचे ढग अजून सह्याद्रीवर चढलेले नसतात.

आणखी एक नाव मला घेतलंच पाहिजे. पिशारोथ रामा पिशारोटी. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ते पहिले संचालक. १९७० च्या सुमारास केरळात नारळाच्या झाडांना मूळकूज लागली, तेव्हा त्यांनी हेलिकॉप्टरमधून अवरक्त (इन्फ्रारेड) फिल्मवर माडांची छायाचित्रं घेतली. रोगट माड त्यात वेगळे दिसले. भारतातल्या रिमोट सेन्सिंगची सुरुवात तिथून धरतात. पुढे १९७९ चा भास्कर-१, आणि १७ मार्च १९८८ ला बैकानूरहून गेलेला आयआरएस-१ए. तो ९०४ किलोमीटरवर फिरत होता आणि २२ दिवसांनी परत येत असे. त्याचे चांगले डोळे ३६ मीटरचे होते. एका ठिपक्यात तेरा गुंठे!

माणदेशी, म्हसवड

गुरुजी, नमस्कार. वाचून फार बरं वाटलं.

आमच्याकडे प्रश्न उलटा आहे. ढग नसतातच, त्यामुळे चित्रं भरपूर मिळतात. मी रब्बी ज्वारीसाठी दोन हंगाम ही चित्रं बघतोय. पिकाला ताण बसला की पान डोळ्याला हिरवंच दिसत असतं, पण नकाशावर आकडा आधीच खाली आलेला असतो. हे कसं होतं ते कोणी सांगेल का?

पोंगा, इस्लामपूर

मी कृषीची पदवीधर आहे, हा भाग मी सांगते.

हिरवं पान लाल प्रकाश खातं, हरितद्रव्याला तोच लागतो. पण डोळ्याला न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश पानाला नको असतो. पानाच्या आतल्या स्पंजासारख्या पेशी तो निम्म्याच्या आसपास परत फेकतात. लाल किती कमी आणि अवरक्त किती जास्त, या दोन्हींच्या वजाबाकीला बेरजेने भागलं की एनडीव्हीआय हा आकडा मिळतो. ज्वारीला ताण बसला की पान गुंडाळतं, त्याचा पसारा कमी होतो आणि मधली माती जास्त दिसायला लागते. परत येणारं अवरक्त तेवढ्यानेच घटतं. आपण बांधावर उभं राहून आडवं बघतो, त्यामुळे आपल्याला पानंच दिसतात. उपग्रह सरळ वरून बघतो, त्याला माती दिसते.

सेंटिनेल-२ प्रकाशाचे १३ वेगवेगळे पट्टे टिपतो. लाल आणि अवरक्त यांच्या सीमेवरचे तीन पट्टे, आणि पानातल्या पाण्याला दाद देणारे लघुलहरी अवरक्त पट्टे, हे ताण ओळखायला जास्त कामाचे. मात्र यांचा ठिपका २० मीटरचा आहे, म्हणजे चार गुंठे. फुकटच्या ॲपमध्ये बहुधा एकटा एनडीव्हीआय असतो.

द्राक्षवाल्यांना स्पष्ट सांगते, डाऊनी आणि भुरी हे बुरशीचे रोग यातून वेळेवर दिसणार नाहीत. डाऊनीची बुरशी पानाच्या खालच्या बाजूला वाढते. वरून दिसण्याइतकी पानं गेली तोवर फवारणीची वेळ निघून गेलेली असते. बागेतला कुठला भाग कायम मागे राहतो, कुठे मुळाशी पाणी साचतं, ड्रिपची कुठली लाईन चोंदली आहे, एवढ्यासाठी चित्र वापरा. त्याला ते खरंच उपयोगी आहे. आणि बागेवर प्लास्टिक कव्हर असेल तर आकड्यावर विसंबू नका.

येरळामाई

ताई, चोंदलेली लाईन आमाला फोटूत घावली हुती. मांडवाच्या मधोमध पिवळा पट्टा, सरळ. जाऊन बघितलं तर फिल्टरच्या फुडची लॅटरल. हे खरं हाय.

भिलवडीकर

धागा चांगला चाललाय, पण मला एक जुनी गोष्ट विचारायची आहे आणि ती माझ्या मनातून गेलेली नाही. २०१९ चा पूर. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ आहे. आमच्या नदीकाठच्या मळीतल्या उसात छातीच्या वर पाणी होतं, कितीतरी दिवस. नंतर उपग्रहावरून केलेला पुराचा एक नकाशा कोणीतरी दाखवला. त्यात नदी काळी, नदीकाठची मोकळी रानं काळी, आणि आमचा ऊस मात्र कोरडा. मी त्या पाण्यातून जनावरं बाहेर काढली आहेत. नकाशा असं कसं म्हणू शकतो?

उपग्रहाला ढगातून दिसत नाही हे माहीत आहे. पण तो नकाशा रडारचा होता, रडारला ढगाची अडचण नाही असं सांगितलं होतं.

वारणाकाठ

भिलवडीकर, हा धागा काढताना माझ्या डोक्यात हाच विषय होता. जरा लांब लिहितो.

ढगातून दिसतं हे खरं. युरोपच्याच सेंटिनेल-१ चं रडार स्वतःच्या लहरी खाली सोडतं आणि परत आलेल्या मोजतं. त्याला ऊन लागत नाही, ढग आडवे येत नाहीत. म्हणूनच तो सकाळ-संध्याकाळच्या कक्षेत फिरतो, सहाच्या सुमाराला. संथ पाण्यावर तिरप्या पडलेल्या लहरी आरशावरून उडाव्यात तशा पलीकडे निघून जातात, परत काही येत नाही, म्हणून पाणी काळं दिसतं. मोकळ्या रानातलं पाणी त्याला अचूक कळतं.

उसाचं तसं नाही. सेंटिनेल-१ ची लहर साडेपाच सेंटिमीटरच्या आसपासची आहे. ऑगस्टमध्ये आडसाली ऊस तेरा महिन्यांचा, आठ-दहा फूट उंच आणि पाल्याने गच्च झालेला. एवढी आखूड लहर वरच्या पाल्यातच विखुरते आणि तिथूनच परत फिरते. खाली कोरडी सरी आहे की छातीभर पाणी आहे, याची खबर तिला लागतच नाही. नकाशा करणारा मग ‘जिथे काळं नाही तिथे पूर नाही’ असं धरतो. वाळवा, पलूस, मिरज पश्चिम या आपल्या पट्ट्यात नदीकाठी उसाशिवाय आहे काय? त्यामुळे पूर जिथे सगळ्यात खोल, तिथेच नकाशा सगळ्यात कच्चा. तुम्ही पाण्यात उभे होतात ते खरं, आणि रडारला ते दिसलं नाही हेही खरं.

लहर लांब केली तर हे बदलतं. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून निसार गेला, इस्रो आणि नासा यांचा मिळून. त्यावर दोन रडार आहेत. नासाच्या रडारची लहर २४ सेंटिमीटरची, इस्रोच्या रडारची नऊ-साडेनऊची. २४ सेंटिमीटरची लहर पाल्याला फारशी जुमानत नाही, खोडापर्यंत आणि जमिनीपर्यंत पोहोचते. खाली पाणी असेल तर ती पाण्यावरून उडून उसाच्या खोडावर आदळते आणि तिथून परत उपग्रहाकडे येते. म्हणजे पिकाखालचं पाणी त्या चित्रात काळं नाही, नेहमीपेक्षा उजळ दिसतं. उसासारख्या दाट पिकात हे कितपत साफ दिसेल ते प्रत्यक्ष पुराच्या चित्रांवर तपासायला हवं. पण मुळात हे रडार आपल्या कामाचं आहे.

आणि खालच्या कक्षेचा वेग इथे आपल्या बाजूने काम करतो. साडेसातशे किलोमीटरवरून २४ सेंटिमीटरच्या लहरीने दहा मीटरचं बारीक बघायचं तर वीस किलोमीटर लांबीची अँटेना लागेल. निसारची अँटेना १२ मीटर व्यासाची आहे. पण उपग्रह पळत असतो, पळता पळता हजारो लहरी सोडतो, आणि वेगवेगळ्या जागांवरून आलेले प्रतिध्वनी गणिताने एकत्र केले की कित्येक किलोमीटर लांबीच्या अँटेनेचं काम ती छोटी अँटेना करते. एका जागी थांबलेल्या उपग्रहाला ही युक्ती करता येत नाही. शिवाय रडारची लहर जाताना पसरते आणि येताना पुन्हा पसरते, परत येणारी ताकद अंतराच्या चौथ्या घाताने कमी होते. ७०० किलोमीटरच्या जागी ३६,००० धरा, ताकद साठ-सत्तर लाख पट घटते. शेत बघणारं रडार खालीच असावं लागतं ते यामुळे.

दुसरी गोष्ट वेळेची. कुठल्याही पुराच्या नकाशावर पहिल्यांदा तारीख आणि तास शोधा. सेंटिनेल-१ चा उपग्रह त्याच कक्षेवर १२ दिवसांनी येतो. निसारही १२ दिवसांनीच, उतरती (दक्षिणेकडे जाणारी) आणि चढती (उत्तरेकडे जाणारी) अशा दोन्ही फेऱ्या धरल्या तर सरासरी सहा दिवसांनी. कृष्णा मात्र एका रात्रीत चार-पाच फूट चढते. पाणी आयर्विनला ४३ वर असताना उपग्रह गेला आणि ५७ वर असताना तो दुसऱ्या खंडावर होता, तर नकाशा ४३ फुटांचाच पूर दाखवणार. वर शीर्षकात मोठ्या अक्षरात ‘महापूर’ लिहिलेलं असलं तरी.

भिलवडीकर

आज पहिल्यांदा कोणी नीट सांगितलं. धन्यवाद. मग नुकसानीच्या पंचनाम्याला असला नकाशा एकटा लावू नये, एवढं तरी म्हणता येईल ना?

पोंगा

म्हणता येईल, आणि त्यासोबत आणखी एक चित्र मागता येईल.

उसाचं नुकसान पाणी असताना ठरत नाही, ओसरल्यावर ठरतं. पाणी शेंड्याच्या वर गेलं की पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळ बसतो, पोंगा कुजतो आणि उसाची वाढ तिथेच थांबते. मग कांड्यांवरचे डोळे फुटून पांगशा येतात. बाहेरून आठ-दहा दिवस पानं हिरवी राहतात, त्यामुळे लगेच बघितलं तर ऊस वाचला असं वाटतं. तीन-चार आठवड्यांनी अवरक्तातला फरक स्पष्ट होतो. तोवर ऑगस्टचा शेवट किंवा सप्टेंबर आलेला असतो आणि ढगांना फटी पडतात. तेव्हाचं सेंटिनेल-२ चं एक स्वच्छ चित्र, जूनमधल्या चित्राशेजारी ठेवलं, की कुठला गट बुडून मेला आणि कुठल्या गटात पाणी फक्त बुडख्यापर्यंत होतं हे वेगळं करता येतं. पूर बघायला जे चुकतं ते पिकाच्या अंगावर लिहिलेलं असतं.

कोयनाखोरं, पाटण

आमच्याकडे पुरापेक्षा डोंगराची भीती. जुलै २०२१ मध्ये आंबेघर आणि मिरगावला दरडी कोसळून जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. डोंगर सरकतोय हे वरून आधी कळू शकतं का?

वारणाकाठ

काही प्रकारचं सरकणं कळतं. एकाच जागेवरून, काही दिवसांच्या अंतराने घेतलेल्या दोन रडार चित्रांतल्या लहरींची गाठ घातली की जमीन काही मिलिमीटर-सेंटिमीटर हलली असेल तर ती दिसते. त्यासाठी उपग्रहाने जवळजवळ त्याच वाटेने परत यावं लागतं. खालच्या कक्षेतले उपग्रह आपली वाट काटेकोर सांभाळतात ते यासाठीच.

पण पाटणच्या डोंगरावर झाडी दाट आहे आणि पावसाळ्यात पालवी रोज बदलते. आखूड लहरीची दोन चित्रं तिथे जुळत नाहीत. २४ सेंटिमीटरची लहर बऱ्याच प्रमाणात टिकते. महिनोन्‌महिने हळूहळू खचणारा उतार त्यातून सापडू शकतो. एका रात्रीत ४००-५०० मिलिमीटर पाऊस पडून अचानक सुटणारा कडा मात्र १२ दिवसांनी येणारा उपग्रह आधी सांगू शकणार नाही. तिथे पर्जन्यमापक आणि वेळेवर गाव हलवणं, यावरच भिस्त ठेवावी लागेल. भेगा पडल्या, झरे गढूळ झाले, झाडं तिरकी झाली तर उपग्रहाची वाट बघू नका.

बेदाणा, कवठेमहांकाळ

एवढ्या अडचणी असतील तर ड्रोन घ्यावा की. हवा तेव्हा उडवा, ढगाच्या खालून. दुसरं, उपग्रह अजून खाली आणला तर? २०० किलोमीटरवर आणा, ठिपका अजून बारीक होईल.

वारणाकाठ

बागेपुरता ड्रोन चांगलाच. ठिपका सेंटिमीटरात मिळतो. तो जिथे कमी पडतो ते दोन ठिकाणी. सगळा जिल्हा एका वेळी, एकाच उन्हात त्याला दिसत नाही, आणि काल काय होतं हे त्याला सांगता येत नाही. लँडसॅटची मालिका २३ जुलै १९७२ पासून चालू आहे आणि २००८ पासून सगळ्यांना फुकट आहे. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांचं पाणी कुठल्या वर्षी कुठल्या गावापर्यंत पोहोचलं ते बघायचं तर कडेगाव, आटपाडी, कवठेमहांकाळची उन्हाळ्यातली चित्रं वर्षावार लावा. मार्च-एप्रिलमध्ये जिथे पूर्वी नुसतं तांबडं माळरान होतं तिथे हिरवळ सरकत गेलेली दिसते. हे काम ड्रोन कधी करणार नाही.

खाली आणण्याबद्दल. खालच्या कक्षेतही हवा पूर्ण संपलेली नसते. ४०० किलोमीटरवरच्या आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला विरळ हवेच्या घर्षणाने महिन्याला दोनेक किलोमीटर उंची गमवावी लागते, इंजिन पेटवून ती भरून काढतात. युरोपचा गोसे उपग्रह २५५ किलोमीटरवर फिरत होता, त्यासाठी त्याचं विद्युत इंजिन सतत चालू ठेवावं लागलं. २०१३ मध्ये इंधन संपलं आणि तो काही आठवड्यांत खाली आला. सूर्यावर वादळ उठलं की वरची हवा फुगते, घर्षण आणखी वाढतं. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्टारलिंकचे नुकतेच सोडलेले ३८ उपग्रह असेच गेले, ते २१० किलोमीटरवर होते. शिवाय जितकं खाली तितकी पट्टी अरुंद, आणि परत यायला तितके जास्त दिवस.

रोजचं चित्र हवं असेल तर संख्या वाढवणं हाच मार्ग. अमेरिकेतली प्लॅनेट ही कंपनी पाचशे किलोमीटरच्या आसपास शंभराहून जास्त छोटे उपग्रह एका माळेत फिरवते, ठिपका तीन-साडेतीन मीटरचा. ती चित्रं विकत घ्यावी लागतात. आणि जुलैतला ढग त्यांनाही आहेच.

माणदेशी

म्हणजे बाजाराच्या वारासारखं झालं. वार माहीत असला की माणूस त्या हिशोबाने तयारीत राहतो. आपल्यावरून उपग्रह कधी जाणार हे आधी कळतं का?

वारणाकाठ

हो, वर्षभर आधीही काढता येतं, कक्षा ठरलेली आहे. सेंटिनेलची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर फुकट दिसतात. तुमच्या गावावर जाऊन मागच्या दोन तारखा बघा आणि पाच-पाच दिवस पुढे मोजा. आपल्या इस्रोची चित्रं भुवन पोर्टलवर आहेत, ती हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून येतात.

भिलवडीकर

मग एक काम आम्ही करू शकतो. पुराच्या वेळी पाणी कुठे आलं याच्या खुणा आमच्याकडे देवळाच्या भिंतींवर रंगवलेल्या आहेत, पण त्यावर फक्त साल आणि सर्वात वरची पातळी आहे. उपग्रह गेला त्या तासाची खूण केली तर तिचा उपयोग होईल का?

वारणाकाठ

फार मोठा उपयोग होईल. उपग्रह जाण्याच्या वेळेला पाणी कुठे होतं याच्या गावातल्या आठ-दहा खुणा मिळाल्या, त्यातल्या निम्म्या उसाच्या आत असल्या, तर नकाशा कुठे खरा आणि कुठे खोटा हे तिथल्या तिथे ताडता येईल. असं जमिनीवरून तपासल्याशिवाय रिमोट सेन्सिंगचं कुठलंच काम पुरं होत नाही. उसात पाणी आहे हे रडारला शिकवायचं असेल तर ते आधी आपल्याकडून कळायला हवं.

करायचं एवढंच. ठरल्या वेळेच्या आगेमागे अर्ध्या तासात, सुरक्षित जागेवरून, मोबाईलवर लोकेशन चालू ठेवून फोटो काढायचा. गट नंबर, पाणी किती फूट, पीक कोणतं आणि त्याची उंची, एवढं वहीत लिहायचं. त्याच वेळची आयर्विनची पातळी शेजारी टिपायची. पाण्यात कोणी उतरायचं नाही, बांधावरून किंवा गच्चीवरून दिसेल तेवढंच.

पोंगा

मी वाळव्याकडच्या चार-पाच गावांत ओळखीच्या मुलांना विचारते. वहीचा नमुना मी करून इथे टाकते. त्यात पाणी शेंड्याच्या वर गेलं होतं का, आणि किती दिवस, हे दोन रकाने वाढवते.

येरळामाई

येरळंला पूर येतो तवा आमीबी करतो. नमुना टाका ताई.

अजिंक्यतारा_पायथा

कराडच्या प्रीतिसंगमापासून वरच्या बाजूला माझे जुने विद्यार्थी बऱ्याच गावांत आहेत. कोयना आणि कृष्णा दोन्हींच्या काठची नावं मी गोळा करतो. जून उजाडायच्या आत पावसाळ्यातल्या फेऱ्यांच्या तारखा वारणाकाठ यांनी काढून दिल्या तर त्या शाळांच्या फळ्यावर लिहून ठेवता येतील.

वारणाकाठ

सर, मे अखेरीस सेंटिनेल-१ आणि निसार दोन्हींच्या तारखा तालुकावार काढून याच धाग्यावर देतो. तोवर ज्यांच्याकडे २०१९ किंवा २०२१ च्या पुरातले तारीख-वेळ असलेले फोटो आहेत, विशेषतः उसाच्या कडेचे, त्यांनी व्यक्तिगत निरोपातून कळवा. जुन्या रडार चित्रांशी ते आत्ताही ताडून बघता येतात.